बिशपची सहा-तीनची झूल

“सहा-तीन. सहा फूट तीन इंच, छातीच्या मधोमधपासून शेपटीच्या मुळापर्यंत. जूनचा हिवाळा लागायच्या आत आण. आणि बिशप कोरडा राहिला पाहिजे ऊना, एक थेंब लागता कामा नये त्याला.”

आठ दिवस झाले तरी शेजारच्या डल्सीचा हा आवाज ऊनाच्या कानातून जात नव्हता. हे सगळं तिने स्ट्रेचरवर आडवं पडून सांगितलं होतं, आणि तेही अशा थाटात की खुबा डल्सीचा नसून ऊनाचाच मोडलाय असं बघणाऱ्याला वाटावं. शेडमधली जुनी झूल आणखी एक हिवाळा काढेल का हे पाहायला डल्सी गवताच्या भाऱ्यावर चढली. खुंटीवरची झूल तिने ओढली, झूल टरकन फाटली आणि झुलीसकट डल्सी खाली आली. बिशपने जवळ येऊन तिला हुंगलं, बाई जिवंत आहे याची खात्री करून घेतली आणि मग निश्चिंत मनाने तिची लोकरीची टोपी चघळायला घेतली.

बिशप हा डल्सीचा पांढरा घोडा. त्या भागातल्या चर्चमध्ये बिशप नावाचा अधिकारीच नसतो, त्यामुळे ते पद रिकामं होतं आणि घोड्याला द्यायला कुणाची हरकत नव्हती. तरुणपणी तो जत्रेतल्या प्रदर्शनात तीनदा पहिला आला होता. आता तो सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे माणसांच्या हिशेबाने डल्सीपेक्षा थोडा मोठाच. गेल्या हिवाळ्यात भिजून त्याला असा खोकला झाला होता की रस्त्यावरून जाणारे लोक मोटारी थांबवून बघत.

डल्सीचा भाचा क्लाइव्ह याचं एकच म्हणणं होतं, की आत्या आणि घोडा दोघेही खंगलेत. स्ट्रेचरचं पायाकडचं टोक त्यानेच धरलं होतं आणि तिथेच त्याने निवाडा दिला होता. या हिवाळ्यात घोडा धडधाकट राहिला तर आत्याने घरी यावं. खोकला तर शहरातल्या वृद्धाश्रमात आत्याची सोय करायची आणि घोड्याची ट्रकवर. ट्रकवरची सोय कुठे जाऊन होते, हे साउथलँड नावाच्या त्या मुलुखात कुणी कुणाला विचारत नाही.

“खंगलाय म्हणे. सहा-तीनची झूल लागते अजून त्याला,” डल्सी स्ट्रेचरवरून गरजली होती.

ऊनाने मान डोलावली होती. तिने मान डोलावली की ते काम झालंच म्हणून समजावं. रोज सकाळी एक स्तोत्र वाचल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी आणि चौदाव्या वर्षापासून एकही खोटा शब्द न बोललेली ही बाई होती. खोटं बोलायची वेळ आली की ती गप्प बसे. नवरा यूअर्ट म्हणायचा, “आमचं भांडण होत नाही, पण कधीकधी घरात दोन दोन दिवस सत्य नांदतं.”

दुसऱ्याच दिवशी ऊनाने घोडा मोजायला घेतला. मोजायची फीत घरात होती, पण ती मांजराच्या पिल्लांनी नेली होती. मग यूअर्टने डल्सीच्या कुरणाच्या फाटकाला बांधलेली गवताच्या भाऱ्याची केशरी दोरी सोडली. त्या मुलुखात फाटकं, पँटी, कुत्रे आणि मोटारींची दारं सगळं याच दोरीने बांधलेलं असतं. दोरीचं एक टोक यूअर्टने घोड्याच्या छातीवर धरलं, दुसरं टोक ऊनाने कुशीवरून ओढत शेपटीच्या मुळाशी नेलं आणि गाठ मारली. मग दोरी शेडमधल्या फुटाच्या खुणांवर ठेवली.

“पाच-नऊ,” यूअर्ट म्हणाला.

“पुन्हा धर.”

तीनदा धरली. तिन्ही वेळा पाच-नऊ.

“डल्सी सहा-तीन म्हणाली आहे.”

“डल्सी इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यात आहे. घोडा इथे आहे.”

“अहो, मला मेंढ्या कळतात. घोड्यातलं मला काय कळतंय? आपलंच धरताना काहीतरी चुकत असेल. तिचा घोडा, तिला माहीत.”

“घोड्यालाही माहीत असेल. त्याला विचार,” असं म्हणून यूअर्टने गाठ न सोडताच दोरी फाटकाला पुन्हा गुंडाळली. गाठ मारल्यामुळे ती आता थोडी आखूड पडत होती, पण फाटक बंद दिसत होतं. यूअर्टच्या मते बंद दिसणारं फाटक हे बंदच असतं.

आपल्या मैत्रिणीचा शब्द आपल्या हातातल्या दोरीपेक्षा खरा मानायचा, ही ऊनाची चूक. पण ती ज्या माणसांत वाढली त्यांच्यात याला चूक म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात.

खोगिराच्या दुकानातली मेरेआना मोठ्या मापाच्या झुली ठेवत नसे. तिने सहा-तीनची मागवून घेतली आणि ती यायला गुरुवार उजाडला. त्याच दिवशी रेडिओवर सांगितलं, की शनिवारी दुपारी दक्षिणेचं बोचरं गार वारं सुटणार, पाऊस आडवा येणार आणि त्यात गारा असणार.

मेरेआनाने झूल काउंटरवर उलगडली. बाहेरून दाट हिरवी, पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळून जाईल अशी. आतून उबदार अस्तर. पोटाखालून दोन पट्टे, मागच्या पायांतून दोन पट्टे, छातीवर दोन बकला.

“आंटी, एक सांगते,” मेरेआना म्हणाली. ती वयाने मोठ्या सगळ्याच बायकांना आंटी म्हणे, आणि बोलून घ्यायचं ते अगदी आंटीच्या मायेने बोलून घेई. “घालून बघा. बसली नाही तर बदलून देते. पण झुलीला एक केस लागलेला चालणार नाही. केस नाही, चिखल नाही, घोड्याचा वास नाही. कंपनीवाले परत घेत नाहीत मग.”

“घोड्याला घालून बघायची, आणि घोड्याचा वास नको?”

“आधी घोड्यावर चादर घालायची, चादरीवर झूल. सगळे तसंच करतात. मानेपाशी चार बोटं आत जायला हवीत. खांद्यावर घासली नाही पाहिजे. आणि शेपटीच्या मुळाला जाऊन संपली पाहिजे, पुढे लोंबली तर वारा आत शिरतो. आंटी, मोजलंय ना तुम्ही?”

“मोजलंय,” ऊना म्हणाली. हे खरं होतं. पुढे ती गप्प बसली.

रोज चारच्या ठोक्याला डल्सीचा फोन येई.

“आणलीस?”

“आणली.”

“सहा-तीनच ना?”

“सहा-तीनच.”

“अंगावर घातलीस की लेबलाचा फोटो पाठव मला. क्लाइव्ह इथे शेजारीच बसलाय. रविवारी तो घोडा बघायला येणार आहे. लेबल त्याच्या नाकासमोर धरते.”

“बरं,” ऊना म्हणाली, आणि त्या ‘बरं’मध्ये आपण नक्की काय कबूल केलं याचा विचार तिला रात्रभर पुरला.

शुक्रवारी सकाळी स्तोत्र आणि चहा आटोपून ऊना चादर घेऊन निघाली. साधी चादर घोड्यावरून दोनदा घसरली. तेव्हा यूअर्टला एक कल्पना सुचली. त्याला वर्षातून साधारण दोन कल्पना सुचत आणि ही त्यातली दुसरी होती.

“ती गादीची घाल ना. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. ती कुठे घसरतेय?”

पाहुण्यांच्या खोलीतली ती चादर नवीकोरी होती. पांढऱ्या कापडावर बारीक निळी फुलं. दोन कोपरे छातीवर, दोन कोपरे ढुंगणावर चढवले आणि फटकन आवाज करून ती घोड्याला अशी बसली, की शिंप्याने उभं राहून माप घेतलं असावं. कुठे चूण नाही, कुठे झोळ नाही. बिशपने मान वळवून स्वतःकडे पाहिलं आणि प्रदर्शनातल्यासारखा पाय थोडा पुढे टाकला.

“ही वॉटरप्रूफ असती तर प्रश्न मिटला होता,” यूअर्ट म्हणाला.

मग तिच्यावर हिरवी झूल घातली. मानेपाशी चार बोटं काय, ऊनाचा कोपरापासूनचा अख्खा हात आत गेला. मागे झूल शेपटी ओलांडून पुढे इतकी लोंबत होती, की पाहुण्यांनी शेपटीच्या बाजूने आत येऊन बसावं. बाजूंनी ती गुडघ्यांपर्यंत आली होती. चारी पाय, दोन कान आणि मध्ये मांडव, एवढाच घोडा दिसत होता.

“आत अजून एक मावेल,” यूअर्ट म्हणाला.

“पट्टे आवळले की बसेल.”

मागच्या पायांतले पट्टे एकमेकांतून ओवून घ्यायचे असतात, आणि ते ओवताना डोकं अशा जागी न्यावं लागतं की माणसाला आपोआप देव आठवतो. ऊना तर सकाळचं वाचूनच आली होती. तिने तेविसावं स्तोत्र पुटपुटत डावा पट्टा लावला. उजव्याला हात घातला तेवढ्यात डोंगरापलीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. ती शनिवारच्या वाऱ्याची नुसती चौकशी करायला आली होती. पण मागची लोंबणारी झूल तिने उचलली, आत हवा भरली, आणि बिशपच्या पाठीवर शीड उभं राहिलं. शीड फडफडलं. नवं वॉटरप्रूफ कापड फडफडतं तेव्हा जो आवाज होतो, तो सव्वीस वर्षांत बिशपने कधी ऐकला नव्हता.

चार वर्षं जो चालण्यापलीकडे गेला नव्हता तो घोडा पळाला. फाटकाला त्याने नुसती छाती लावली. फाटक बंद दिसत होतं, ते आता उघडं दिसू लागलं.

ऊना चिखलात बसली होती. हातात अर्धा पट्टा होता.

“पळतो की अजून. डल्सीला सांगायला पाहिजे,” यूअर्ट कौतुकाने म्हणाला.

“आधी गाडी काढा.”

गाडीत दोन कुत्रे, मेंढ्यांचं मीठ आणि पंप होता. ते खाली उतरवेपर्यंत बिशप वळणापलीकडे गेला. वाटेत त्यांना कुंपणावर अडकलेला एक पट्टा सापडला, पुढे चिखलात एक बक्कल सापडली. यूअर्ट प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवून वस्तू उचलत होता, कारण रस्त्यात पडलेली वस्तू सोडून पुढे जाणं त्याच्या रक्तात नव्हतं.

दीड किलोमीटरवर चर्चचा हॉल होता. आणि तो शुक्रवार चीज रोलचा होता. हॉलच्या गळक्या छपराचे पैसे जमवायला गावातल्या बावीस बायका सकाळी सातपासून लांब टेबलांना उभ्या होत्या. एकीने पावाच्या कडा कापायच्या, दुसरीने चीजचं वाटण फासायचं, तिसरीने गुंडाळी करायची, चौथीने वरून लोणी लावायचं. तीनशे डझनांची मागणी होती. कोपरापर्यंत लोणी लागलेल्या या बायकांनी एकाच वेळी मान वर केली, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक पांढरं डोकं आत आलं आणि कापून ठेवलेल्या पावाच्या कडा शांतपणे खाऊ लागलं.

ऊना आणि यूअर्ट पोचले तेव्हा अर्ध्या बायका अंगणात होत्या. हिरवी झूल घसरून बिशपच्या पोटाखाली झोपाळ्यासारखी लोंबत होती. वर मात्र निळ्या फुलांची चादर जशीच्या तशी, कडक, बिनचुणीची.

मॉयरा ही त्या सगळ्यांची पुढारी. बाप्तिस्म्याच्या वेळचे बाळांचे झगे गावात तीच शिवायची. ती चादरीपाशी जाऊन वाकली, फुलं निरखली आणि सरळ झाली.

“ऊना, ही मी दिलेली चादर आहे.”

“हो मॉयरा.”

“मी पाहुण्यांसाठी दिली होती.”

यूअर्टने टोपी काढली.

“हा पाहुणाच आहे,” तो म्हणाला. “डल्सी येईपर्यंत आमच्याकडेच आहे.”

मॉयराने पुन्हा वाकून चादर तपासली. मग तिला चादरीची शिवण कुठेच ताणलेली दिसली नाही आणि तिचा राग अभिमानाकडे वळला. “कापड चांगलं आहे, म्हणून टिकलं,” ती बाकीच्यांना म्हणाली. “आणि ही हिरवी ताडपत्री कुणी आणली याला?”

“झूल आहे. सहा-तीन. डल्सीने सांगितलेलं माप.”

एव्हाना बावीसही बायका अंगणात आल्या होत्या, म्हणजे बावीस मतं होती. एक म्हणाली झूल पुढे सरकवा. दुसरी म्हणाली आत उशी घाला. तिसरीने आपल्या नवऱ्याचं उदाहरण दिलं, त्यालाही कोट मोठाच घ्यावा लागतो, पुढे भरतो. चौथी म्हणाली घोडा सव्विसाव्या वर्षी भरत नसतो बाई. मॉयराने सगळ्यांना हात धुवायला पाठवलं, पिशवीतून शिवणकामाची फीत काढली आणि म्हणाली, “मापाला मत नसतं. धरा.”

दोघींनी छातीपाशी धरलं, चौघींनी मधे उचलून धरलं आणि दोघी शेपटीकडे उभ्या राहिल्या. एकीने बिशपच्या तोंडासमोर पावाच्या कडा धरल्या, म्हणजे तो मान ताणणार नाही. इतकी माणसं आपलं माप घ्यायला जमलेली पाहून बिशप ताठ उभा राहिला, पोट आत ओढून.

मॉयराने आकडा वाचला. पुन्हा वाचला. “पाच-नऊ.”

धरलेली फीत सगळ्यांनी हळूच खाली घेतली.

“म्हातारा झालाय गं,” एक हळूच म्हणाली.

“पाठ बघ किती खचलीये.”

“पण डल्सी सहा-तीनवर ठाम आहे,” ऊना म्हणाली.

“डल्सी स्वतःच्या कमरेच्या मापावरही अशीच ठाम असते,” मॉयरा म्हणाली. “चाळीस वर्षं तिचे झगे मी शिवतेय. ती सांगते एक, मी कापते एक. आजवर दोघींनीही त्यावर चर्चा केलेली नाही.”

“मग तिला सांगणार कोण?”

बावीस बायकांना एकदम चीज रोलची आठवण झाली. तिथली रीतच तशी होती. कुणाचं वाईट बोलायचं नाही, कुणाला वाईट सांगायचं नाही, आणि वेळ आलीच तर खायचं काहीतरी झाकून नेऊन द्यायचं. पंधरा मिनिटांत यूअर्टच्या गाडीत डल्सीसाठी सहा डझन चीज रोल ठेवले गेले. ऊनाच्या वाट्याला सांगायचं काम आलं.

यूअर्ट बिशपला धरून चालत घरी निघाला. ऊना झूल गाडीत टाकून दुकानात गेली. मेरेआनाने झूल काउंटरवर उलगडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“आंटी, मी एक केस म्हटलं होतं.”

“हो.”

“हा एक केस नाही. यातून दुसरा घोडा विणता येईल. आणि हे काय?”

“चीज.”

“आणि हे?”

“लोणी. मेरेआना, चूक माझी आहे. माप पाच-नऊ आहे हे मला आधीच माहीत होतं. दोरीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ही झूल मीच ठेवून घेते.”

समोरून आलेलं इतकं सरळ सत्य दुकानदाराला रोज मिळत नाही. मेरेआना हसायला लागली ती खुर्चीत बसेपर्यंत. “ठेवून काय करणार, तंबू? माझ्या मामांच्या घोडीला सहा-तीन लागते. केसांचं तिला वावडं नाही, तुटलेले पट्टे मी शिवून देते, आणि चीज ती स्वतःच चाटून काढेल. पाच-नऊची माझ्याकडे एकच आहे. पण रंग बघून घ्या.”

पाच-नऊची झूल जांभळी होती. खऱ्याखुऱ्या बिशपांचा अंगरखा असतो तशी जांभळी, कडेला सोनेरी पट्टी.

“शाळकरी मुलींना आवडतात असल्या,” मेरेआना म्हणाली.

संध्याकाळी उजेड असतानाच ती झूल बिशपच्या अंगावर चढली. मानेपाशी चार बोटं, खांदा मोकळा, शेपटीच्या मुळाला बरोबर संपलेली. ऊनाने आत हात घालून पाहिलं. ऊब होती. एवढं पळूनही घोडा एकदासुद्धा खोकला नव्हता. ऊनाची निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी म्हणजे डल्सीला पाठवायचा फोटो.

शनिवारी दुपारी ठरल्याप्रमाणे वारं सुटलं. दोन वाजता पाऊस आडवा झाला. बिशप वाऱ्याकडे पाठ करून, जांभळा अंगरखा घालून, गवत चघळत उभा होता आणि पाणी त्याच्या अंगावरून घरंगळून जात होतं. ऊना स्वयंपाकघरात बसली होती. समोर टेबलावर डल्सीची जुनी फाटकी झूल, हातात बारीक कात्री. जुन्या झुलीच्या गळ्यापाशी लेबल होतं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सहा-तीन.

यूअर्ट आत आला, पाहून थांबला.

“ते लेबल उसवून त्या नव्या झुलीला लावणार?”

“फोटोपुरतं.”

“मेंढीच्या कानातला बिल्ला बदलला तर आपण त्याला चोरी म्हणतो.”

“माहीत आहे मला.”

“मी आपलं सांगितलं. चहा टाकतो.”

चौदाव्या वर्षापासून आजवर, म्हणजे बावन्न वर्षं, ऊनाने हे व्रत सांभाळलं होतं. पण डल्सीचा आवाज गुरुवारपेक्षा शुक्रवारी बारीक झाला होता. घोडा आखूड झाला हे ऐकलं तर ती स्वतःही तेवढीच आखूड होईल, हे ऊनाला दिसत होतं. तिने मनातल्या मनात माफी मागितली, आधीच, म्हणजे नंतर विसरायला नको. आणि पहिला टाका कापला.

लेबल सुटून आलं. त्याखाली आणखी एक लेबल होतं. सहा-शून्य.

ऊनाने चष्मा पुसला. या लेबलाचे टाके हाताने घातलेले होते, वाकडेतिकडे, डल्सीच्या हातचे. शाळेत शिवणाच्या तासाला डल्सी नेहमी बाहेर उभी असायची. ऊनाने तेही टाके कापले. त्याखाली मूळचं, कंपनीने मशीनवर शिवलेलं लेबल होतं.

पाच-नऊ.

बरोबर चार वाजता फोन वाजला.

“घातलीस? कोरडा आहे?” डल्सीने विचारलं.

“घातली. आतून अगदी कोरडा आहे, उबदार आहे. डल्सी, मी तुझी जुनी झूल उसवत बसले आहे.”

पलीकडे कुणाच्या तरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली.

“कुठपर्यंत आलीस?”

“पाच-नऊपर्यंत.”

“म्हणजे शेवटपर्यंत आलीस,” डल्सी म्हणाली. “मग नवी कुठली घातलीयेस त्याला?”

“पाच-नऊची.”

“हुश्श. मला वाटलं तू खरंच सहा-तीनची घालतेस की काय. बुडला असता गं तो तिच्यात.”

“अगं पण तूच सांगितलंस ना. दोनदा.”

“क्लाइव्ह पायाशी स्ट्रेचर धरून उभा होता, आणि परवा फोनच्या वेळी शेजारी बसला होता. त्याच्यासमोर काय सांगू? आणि मी म्हटलं, तू मोजशीलच. न मोजता कुणी झूल घेतं का?”

ऊनाने एक मोठा श्वास घेतला. मग दोरी, गादीची चादर, शीड, बावीस बायका, पावाच्या कडा, मेरेआना, सगळं सगळं सांगितलं, काहीच न वगळता. मध्येच पलीकडून असे आवाज येऊ लागले की परिचारिका धावत आली. तिला वाटलं टाके उसवले. डल्सी हसत होती.

“दीड किलोमीटर? थांबला नाही?”

“पाव दिसला तेव्हा थांबला.”

“आणि खोकला?”

“एकदाही नाही.”

“मग झालं तर,” डल्सी डोळे पुसत म्हणाली. “क्लाइव्हने विचारलं तर खरं तेच सांग. पाच-नऊ म्हण. आणि दीड किलोमीटर पळाला, तेही ताडपत्री ओढत. बघू मग कोण कुणाला ट्रकवर घालतं.”

ऊनाने कात्री बाजूला ठेवली. “पण तू लेबलं का शिवलीस गं? क्लाइव्ह तर आत्ता आत्ता मागे लागलाय.”

डल्सीने आवाज हळू केला.

“क्लाइव्हसाठी नव्हती ती. बिशपसाठी होती. पाठ खचायला लागली ना त्याची, तेव्हा पहिलं शिवलं. पुढच्या हिवाळ्यात दुसरं. घालताना त्याला वाचून दाखवायची, सहा-तीन रे बाबा, अजून सहा-तीन. मान कशी ताठ करतो बघ. मला माहितीये, त्याला वाचता येत नाही. पण मला येतं.” ती थांबली. “आज अंगावर नवीन आहे त्याच्या, आणि मी इथे. तू सांगशील त्याला? मला माहीत आहे तू तसलं बोलत नाहीस. पण सांगशील?”

“सांगते,” ऊना म्हणाली.

फोन ठेवून तिने गमबूट चढवले, रेनकोट घातला, टोपी हनुवटीखाली बांधली. यूअर्ट दोन कप घेऊन उभा होता.

“या पावसात कुठे निघालीस?”

“निरोप आहे एक. पोचवायचाय.”

दाराबाहेर गारांचा तडतडाट चालला होता. वळचणीखाली ती क्षणभर थांबली आणि वाक्य मनाशी जुळवून पाहिलं. बिशप, डल्सी म्हणते तू सहा-तीनचा आहेस. पुन्हा एकदा, शब्द न शब्द तपासून पाहिलं. डल्सी म्हणते. यात खोटं कुठेच नव्हतं. मग तिने डोकं खाली घातलं आणि कुरणाच्या दिशेने चालू लागली.